जिभेला लागलेलं नवं वळण

श्रोतेहो, ‘बदलता आहार, बदलती चव’ हा विषय मला बोलायला दिला, तेव्हा पहिला विचार आला तो असा की हे काम डॉक्टरांचं किंवा आहारतज्ज्ञांचं. मी कविता लिहिणारा माणूस, बी. ए. झालो तोही मराठी विषय घेऊन. पण मग लक्षात आलं, जीभ दोन कामं करते. ती चाखते आणि ती बोलते. उर्दूत तर ‘जबान’ या एकाच शब्दात जीभही येते आणि भाषाही येते. तेव्हा बोलण्याच्या बाजूनं खाण्याकडे गेलं तर एखाद्या कवीलाही दोन गोष्टी सांगता येतील.

आपल्या मराठीतच बघा. एखादी गोष्ट आवडू लागली की आपण म्हणतो, तिची गोडी लागली. वाचनाची गोडी, भजनाची गोडी, कव्वालीची गोडी. ज्यात रस नाही ते नीरस आणि ज्यात मीठ नाही ते अळणी. हा ‘अळणी’ शब्द संस्कृतातल्या ‘अलवण’पासून आला. आणखी एक गंमत सांगतो. आयुर्वेदानं सहा रस सांगितले आहेत: मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त आणि कषाय. यातला कटु म्हणजे मिऱ्याचा, सुंठीचा रस, म्हणजे आपण ज्याला तिखट म्हणतो तो. कारल्याचा आणि कडुनिंबाचा रस तो तिक्त. पण संस्कृतातल्या ‘कटु’चा मराठीत ‘कडू’ झाला आणि त्याचा अर्थ मिऱ्याकडून निघून कारल्यापाशी येऊन थांबला. म्हणजे शब्दाचीच चव बदलली. शब्दाला त्यासाठी शेकडो वर्षं लागली. माणसाच्या जिभेला मात्र दोन-तीन महिने पुरतात, हे मला गेल्या काही वर्षांत कळलं.

हा विषय माझ्या घरात आला तो २०१८ साली. वय एकोणपन्नास. रक्त तपासलं, साखर वाढलेली निघाली. रक्तदाबही वर गेलेला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि कागदावर लिहून दिलं: साखर बंद, मीठ कमी, मैदा नको, तळलेलं नको, रोज पाऊण तास चालायचं. आपल्या देशात या यादीत मी काही एकटा नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मोठ्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि त्याहूनही अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. तेव्हा मी जे सांगतोय ते ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या घरचंच आहे.

डॉक्टरांचा कागद खिशात घालून घरी येताना माझ्या डोळ्यांसमोर माझे अब्बा होते. सोलापूरच्या गिरणीत त्यांनी आयुष्य काढलं. त्यांनाही मधुमेह होता. शेवटच्या काही वर्षांत त्यांच्या पायाचा अंगठा काढावा लागला. पण अब्बांचं दुखणं आठवलं की मला तो अंगठा आठवत नाही, त्यांचं ताट आठवतं. घरातले सगळे एकीकडे कालवण-भाकरी खात आहेत आणि अब्बांच्या पुढ्यात वेगळ्या पातेल्यातलं फिकं, सपक जेवण. ते दोन घास खायचे आणि ताट सरकवून म्हणायचे, “इसमें नमक नै, जीने में भी नमक नै.” घरात कुणी काही बोलायचं नाही.

म्हणून साखरेचा आकडा वाढला तेव्हा माझ्या मनातला प्रश्न ‘मी किती वर्षं जगणार’ हा नव्हता. ‘जी काही वर्षं उरली आहेत ती अळणी जाणार का?’ हा होता. मला वाटतं, पथ्य सांगितलेल्या प्रत्येक माणसाच्या मनात हाच प्रश्न असतो. डॉक्टरांना तो विचारायची लाज वाटते. एवढ्या मोठ्या आजारापुढे चवीचं काय घेऊन बसलात, असं कुणी म्हणेल अशी धास्ती असते. पण माणूस दिवसातून तीनदा जेवतो. तीनदा जर त्याला आपण शिक्षा भोगतोय असं वाटलं, तर ते पथ्य किती दिवस टिकणार?

सुरुवात चहापासून केली. माझा चहा म्हणजे कपाला अडीच चमचे साखर. ती एकदम बंद न करता आठवड्याला अर्धा चमचा अशी उतरवली. पहिले पंधरा-वीस दिवस वाईट गेले. प्रत्येक कप अर्धवट राहिल्यासारखा वाटायचा. दुसरा महिना संपत आला तेव्हा एके दिवशी लक्षात आलं की मी चहाची चव घेतोय. चहाला स्वतःची एक तुरट चव असते, आल्याचा एक झणका असतो, दुधाला स्वतःचा हलका गोडवा असतो. हे सगळं इतकी वर्षं साखरेच्या पाठीमागे उभं होतं. त्यानंतर एका साहित्यिक कार्यक्रमात नेहमीचा चहा समोर आला, एक घोट घेतला आणि वाटलं, पाकात चहापत्ती उकळली आहे की काय! चहा तोच होता. तीन महिन्यांपूर्वी तो मी आनंदानं दोनदा मागून घेतला असता.

हा माझ्या मनाचा खेळ आहे की खरंच असं होतं, याची उत्सुकता वाटली म्हणून थोडं वाचलं. अमेरिकेत फिलाडेल्फिया इथे मोनेल केमिकल सेन्सेस सेंटर नावाची संस्था आहे. चव आणि वास एवढ्याच विषयावर तिथं संशोधन चालतं. २०१६ साली तिथल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही निरोगी माणसांना तीन महिने साखर कमी असलेल्या आहारावर ठेवलं. साध्या साखरेतून मिळणाऱ्या उष्मांकांपैकी ४० टक्के उष्मांक दुसऱ्या अन्नातून दिले. मधूनमधून त्यांना कमी-जास्त गोड पुडिंग चाखायला देऊन विचारलं, किती गोड लागतंय? दुसऱ्या महिन्यापासून फरक दिसू लागला. तिसऱ्या महिन्यात तेच पुडिंग त्यांना इतरांपेक्षा सुमारे ४० टक्के अधिक गोड लागत होतं. म्हणजे पुडिंगमधली साखर तेवढीच, पण जिभेला ती जास्त जाणवू लागली.

मात्र याच प्रयोगातली दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. पदार्थ जास्त गोड लागू लागला, पण गोडाची आवड काही कमी झाली नाही. आणि शेवटच्या महिन्यात ‘आता हवं ते खा’ असं सांगितल्यावर मंडळी लगेच पहिल्यासारखी साखर खाऊ लागली. हे वाचून मला बरं वाटलं. कारण माझाही अनुभव तोच. चहात साखर नको वाटते, पण जिलेबीच्या दुकानावरून जाताना पाय अजूनही किंचित हळू पडतात. जीभ बदलते म्हणजे माणूस संत होतो असं नाही.

मिठाचं गणित याहून वेगळं आहे, आणि ते जास्त आशादायक आहे. त्याच संस्थेच्या संशोधकांनी १९८२ साली मिठावरचा प्रयोग प्रसिद्ध केला होता. काही लोकांनी पाच महिने कमी मीठ खाल्लं. त्यांना मिठाची तीव्रता अधिक जाणवू लागलीच, शिवाय त्यांची आवडसुद्धा बदलली. पूर्वी जे सूप बरोबर वाटायचं ते खारट वाटू लागलं, आणि कमी मिठाचं सूप बरोबर वाटू लागलं. म्हणजे साखरेच्या बाबतीत जीभ बदलते, पण मन मागे राहतं. मिठाच्या बाबतीत जिभेबरोबर मनही येतं. फक्त त्याला दोन-तीन महिन्यांची मुदत द्यावी लागते. आपण आठव्या दिवशी ‘याला काही चव नाही’ म्हणून ताट सरकवतो, आणि नेमके तेच दिवस सगळ्यात कठीण असतात.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे सपाट चहाचा चमचा भरेल इतकं. याच संघटनेच्या २०२३ सालच्या अहवालानुसार जगाची सरासरी १०.८ ग्रॅम आहे, दुपटीपेक्षा जास्त. आपलं मीठ कुठून येतं ते आपल्याला माहीत असतं: पापड, लोणचं, फरसाण, चटणी, खारे शेंगदाणे, वर ताटात वाढलेलं मीठ. ब्रिटनमध्ये २००३-०४पासून एक शहाणा प्रयोग झाला. पाव आणि तयार पदार्थांतलं मीठ उत्पादकांनी थोडं-थोडं, कळणारही नाही अशा बेतानं कमी करत आणलं. माणशी मीठ २००१मध्ये दिवसाला साडेनऊ ग्रॅम होतं, ते २०११पर्यंत ८.१ ग्रॅमवर आलं. आमच्या पाव-बिस्किटांची चव गेली अशी हाकाटी काही तिथे उठली नाही. लोकांची जीभ लोकांना न कळता बदलली.

आमच्या घरीही थोडंफार तसंच झालं. माझ्या पत्नीनं एक गोष्ट पहिल्याच दिवशी ठरवली. ती म्हणाली, “तुमचं वेगळं पातेलं नाही. अब्बांचं झालं तसं नको. सगळ्यांचंच मीठ कमी होईल.” पोरांनी आठवडाभर कुरकुर केली. मीठ कमी केलं तिथं तिनं लिंबू वाढवलं, चिंच-आमसूल वाढवलं, जिऱ्याची फोडणी खमंग केली, लसूण भाजून घातला. दोन-तीन महिन्यांनी मुलगा बाहेर मित्रांबरोबर जेवून आला आणि म्हणाला, “आज सगळं खारट होतं.” पत्नीनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. दोघांनी काही बोलायचं टाळलं. पोरांच्या विजयाचे आणि आपल्याही विजयाचे जाहीर समारंभ करू नयेत.

पण मिठाला आपल्याकडे नुसती चव नाही, इमानही आहे. मराठीत खाल्ल्या मिठाला जागतात, उर्दूत नमकहलाल आणि नमकहराम असतात. त्यामुळे दुसऱ्याच्या घरी जेवायला बसून ‘मीठ कमी घाला’ म्हणायचं म्हणजे जणू त्या घराशी नातं थोडं कमी करा, असं म्हटल्यासारखं वाटतं. त्यावर मला सापडलेला उपाय साधा आहे. पाहुणा म्हणून गेलं की अन्नाविषयी भाषण करायचं नाही. पापड-लोण्च्याला हात लावायचा नाही, रस्सा कमी घ्यायचा, भाकरी आणि कांदा जास्त घ्यायचा, आणि वाढणाऱ्या बाईला मनापासून दाद द्यायची. दादेला मीठ लागत नाही.

आता तलफेविषयी. चव आणि तलफ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चव जिभेवर असते, तलफ घड्याळात, रस्त्याच्या वळणावर आणि मित्रांच्या घोळक्यात असते. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हच्या कुत्र्यांची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. खाण्याआधी ठरावीक खूण मिळत गेली की पुढे नुसत्या खुणेनंच त्यांच्या तोंडाला पाणी सुटे. खूण देऊन खाणं दिलंच नाही, तर हळूहळू ते पाणी सुटणं थांबे. पण काही काळ गेल्यावर एखाद्या दिवशी ते अचानक पुन्हा सुटे. आमची कविसंमेलनं रात्री उशिरा संपतात. ती संपली की भजी, पाव आणि चहा ही आमची खूण. कविता वाचून झाली की पोट भरलेलं असलं तरी भूक लागायची. ती पोटाची नव्हती, संमेलनाची होती. आता मी खिशात फुटाण्यांची पुडी ठेवतो आणि मित्रांमध्येच उभा राहतो. संगत सोडायची नाही, फक्त हातातली वस्तू बदलायची. पहिल्या चार-पाच वेळा चेष्टा झाली. आता दोघे-तिघे माझ्याच पुडीत हात घालतात.

तलफ किती मानण्यावर असते हे आम्हाला रमजान दरवर्षी शिकवतो. एरवी दुपारी चार वाजता चहा मिळाला नाही तर माझं डोकं धरतं. पण रोजा असला की पहिले दोन-तीन दिवस सोडले तर चार वाजता चहा आठवतही नाही. आठवतो तो मगरिबची अजान जवळ आली की. सूर्य खाली जाऊ लागतो आणि तलफ वर येऊ लागते. हाच प्रकार इस्रायलमधल्या संशोधकांना वेगळ्याच ठिकाणी दिसला. २०१० साली त्यांनी विमानातल्या सिगारेट ओढणाऱ्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विमानात सिगारेट ओढता येत नाही. छोट्या प्रवासाच्या शेवटी त्यांना जेवढी तलफ येई, तेवढाच वेळ लांबच्या प्रवासात गेला तरी तेवढी येत नसे. विमान उतरायला आलं की मात्र ती वाढे. म्हणजे किती वेळ गेला यापेक्षा आता मिळणार आहे, या आशेवर तलफ पोसली जाते. घरात फरसाणाचा डबा नसेल तर फरसाणाची आठवण कमी येते, यामागचं कारण हेच. डबा भरून ठेवायचा आणि मनाला दटावायचं, हा उलटा व्यवहार आहे.

इथे मधुमेहींसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. मी औषधं चालू असताना काय खायचं आणि रोजे कसे करायचे, हे दरवर्षी डॉक्टरांना विचारून ठरवतो. ज्यांना गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी माझ्यासारख्या कवीचं ऐकून काही करू नये. आणि साखरेऐवजी गूळ खाल्ला की चालतं, ही आपण मनाची केलेली समजूत आहे. गूळ चवीला सुंदर आहे, पण रक्तात गेल्यावर तोही साखरच होतो.

आता कडू आणि जाड्याभरड्या चवीकडे येऊ. कारल्याबद्दल आपल्या म्हणीनं फार कठोर निकाल दिला आहे: तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच. म्हण कारल्याच्या बाजूनं खरी आहे. कारलं बदलत नाही, खाणारा बदलतो. लहान मुलांच्या बाबतीत आढळलेलं आहे की नवी भाजी आवडायला तिची आठ ते पंधरा वेळा ओळख व्हावी लागते. आपण मात्र दोनदा नाकारली की ‘आमच्या बाळाला हे आवडत नाही’ असं जाहीर करून मोकळे होतो. हेही खरं की सगळ्यांना कडू सारखंच लागत नाही. १९३१ साली अमेरिकेत आर्थर फॉक्स नावाच्या रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत एक पूड हवेत उडाली. शेजारच्या माणसाला ती अतिशय कडू लागली आणि फॉक्सला काहीच चव लागली नाही. पुढे कळलं की हा फरक आनुवंशिक असतो. तेव्हा घरात एखाद्याला मेथी खरोखरच जास्त कडू लागत असेल, तर त्याला नाटकी म्हणू नये.

भाकरीची गोष्ट मात्र जिभेच्या पलीकडची आहे. आमच्या लहानपणी सोलापूरकडे रोजची ज्वारीची भाकरी आणि पाहुण्याला किंवा सणाला गव्हाची पोळी. १९७२च्या दुष्काळात मी तीन वर्षांचा होतो. रेशनवर परदेशातली लाल मिलो ज्वारी यायची, तिच्या भाकरीचं वर्णन करताना अम्मी अजूनही काल खाल्ल्यासारखं तोंड करायची. संकरित ज्वारी त्याआधीच, १९६४पासून आलेली. तिनं पोटं भरली, पण जुनी माणसं तिच्या चवीला नावं ठेवत. मग गहू सगळीकडे मिळू लागला आणि ज्याची परिस्थिती सुधारली त्याच्या ताटातून भाकरी गेली. पोळी खाणं म्हणजे वर येणं, असा अर्थ झाला. ज्वारी आवडेनाशी झाली ती जिभेला नाही, प्रतिष्ठेला.

आता चक्र फिरलं आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. डॉक्टर भाकरी खायला सांगतात आणि हॉटेलात ती पोळीपेक्षा महाग असते. मी पुन्हा भाकरीवर आलो तेव्हा पहिले काही दिवस घास तोंडात फिरायचा. मग मालदांडी ज्वारीचा तो मंद गोडवा ओळखीचा वाटू लागला. भाकरीला चार तास पोट गप्प बसतं, मैद्याच्या पावाला दीड तासात पुन्हा मागणी येते, हाही अनुभव आला.

पण हे सांगताना एक गोष्ट विसरता कामा नये. अन्नसुरक्षा कायद्याखालच्या कुटुंबांना १ जानेवारी २०२३पासून रेशनवरचं धान्य मोफत मिळतं, आणि ते बहुतेक गहू-तांदूळ असतं. चांगली ज्वारी बाजारातून पैसे मोजून आणावी लागते. आमच्या मोहल्ल्यात विड्या वळणाऱ्या बायका आहेत, यंत्रमागावर बारा तास उभे राहणारे लोक आहेत. त्यांच्या हातातला पाच-दहा रुपयांचा गोड चहा आणि वडा ही चैन नसते, दोन पाळ्यांमधला आधार असतो. त्यांना ‘जिभेवर ताबा ठेवा’ असं सांगणं मला जमत नाही. जिभेला वळण लावायला थोडी फुरसत लागते, थोडे पैसे लागतात आणि घरात साथ लागते. ज्यांना हे तिन्ही मिळालं त्यांनी त्याचं श्रेय एकट्याच्या निग्रहाला देऊ नये.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. चव बदलली की आपण आपल्या माणसांपासून दूर जातो का? कारण चव फार आधी घडते. मोनेलच्याच संशोधकांनी २००१ साली दाखवलं की गरोदरपणात किंवा बाळाला अंगावर पाजत असताना आया गाजराचा रस प्यायल्या, तर त्यांच्या बाळांना पुढे गाजराची चव अधिक सहज रुचली. म्हणजे आईच्या हातची चव आपल्याला तिच्या हातचं खाण्याच्याही आधीपासून ओळखीची होते. अशी चव बदलली तर मागे काय राहतं?

हा प्रश्न माझ्यासमोर आला तो ईदच्या दिवशी, मोठ्या बहिणीच्या घरी. अम्मी गेल्यापासून शिरखुर्मा आपाच्या घरी होतो. तिनं वाटी भरून पुढे केली. मी दोन चमचे खाल्ले आणि वाटी खाली ठेवली. मला तो गोडमिट्ट लागला. आपा बघत होती. म्हणाली, “काय कू नै खा रा? अम्मी के हात का सवाद भूल गया क्या?” तिचा आवाज भरून आला होता. साखर, डॉक्टर, औषधं यातलं काहीही त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

मी म्हटलं, “आपा, अम्मी साखर किती घालायची?” ती बोलता बोलता थांबली. मग तीच सांगू लागली. तेव्हा साखर रेशनकार्डावर मिळायची. महिन्याची साखर ईदच्या एका पातेल्यात घालणं परवडायचं नाही. म्हणून अम्मी खारीक रात्रभर दुधात भिजवायची, दुसऱ्या दिवशी दूध मंद आचेवर आटवायची, शेवया तुपावर लालसर भाजायची आणि चारोळी मोजून घालायची. गोडवा खारकेचा आणि आटलेल्या दुधाचा असायचा, साखर नावाला. साखर पुढे वाढत गेली ती सुबत्ता आली तशी. आपा स्वतःशीच म्हणाली, “सही है रे. वो इतना मीठा नै होता था.”

पुढच्या ईदला तिनं खारकेवर शिरखुर्मा केला. मी अर्धी वाटी खाल्ली, जेवढी मला चालते तेवढी. तो अम्मीचा होता की नाही, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. माणूस गेल्यावर त्याच्या हातची चव तंतोतंत कुठून येणार? पण खारीक खारकेसारखी लागली, दूध दुधासारखं लागलं. माझी जीभ बदलून अम्मीपासून लांब न जाता, तिच्या टंचाईच्या दिवसांतल्या पातेल्याच्या थोडी जवळ गेली, एवढं नक्की.

श्रोतेहो, जिभेवरच्या चव ओळखणाऱ्या पेशी साधारण दहा दिवसांत जुन्या जाऊन नव्या येतात. चवीचा मोठा भाग तर जिभेवर नसतोच, तो नाकात असतो. २०२०-२१मध्ये करोनात ज्यांचा वास गेला त्यांना हे चांगलं कळलं. मलाही दहा-बारा दिवस बिर्याणी नुसती खारट आणि तिखट लागत होती, केवडा नाही, पुदिना नाही, काही नाही. वास परत आला त्या दिवशी साध्या वरणाच्या फोडणीनं डोळ्यांत पाणी आणलं होतं. तेव्हापासून मी पथ्याला ‘काय सोडायचं’ असं म्हणत नाही. साखर आणि मीठ मागे हटले की त्यांच्यामागे दडलेलं काय काय पुढे येतं, ते बघत राहतो.

आमच्याकडे पैगंबरसाहेबांची एक प्रसिद्ध शिकवण सांगतात: पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी ठेवावा. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त पोटाचे चार भाग केले आहेत: दोन अन्नाचे, एक पाण्याचा आणि एक वायूसाठी मोकळा. हिशेब थोडा वेगळा आहे, पण थोडी जागा रिकामी ठेवावी यावर दोघांचं एकमत आहे.

ज्यांच्या हातात नुकताच डॉक्टरांचा कागद आला असेल त्यांना माझं एवढंच सांगणं. एका वेळी एकच गोष्ट कमी करा. वेगळं पातेलं करू नका, घरातल्या सगळ्यांना बरोबर घ्या. आणि जिभेला तीन महिने द्या. पहिल्या तीन आठवड्यांत ती रुसेल, हट्ट करेल. तेव्हाचा तिचा निकाल अंतिम मानू नका. माझ्या गोळ्या चालू आहेत, साखर आटोक्यात आहे आणि जेवणाची वेळ झाली की अजून आनंद होतो. अब्बांच्या ताटासमोर बसून जो प्रश्न पडला होता, त्याचं माझ्यापुरतं उत्तर मला मिळालं आहे. अळणी गेली नाहीत ही वर्षं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)